फटफटीची करवंटी

इंजिन चालू होतं. इनास फटफटीच्या टाकीवर पोट टेकवून आडवा झाला होता आणि मान वाकडी करून माझ्या उजव्या हाताकडे बघत होता. भुईगावच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली होती. ओली वाळू फरशीसारखी घट्ट झाली होती. लांब समोर बस्त्याव शेठ स्टॉपवॉच घेऊन उभे होते, इथून ते बाहुलीएवढे दिसत होते.

"दादा, अंगठा!" इनास ओरडला.

मी अंगठा वर केला आणि फटफटी सुटली.

या अंगठ्याचं आधी सांगतो, कारण पुढे सगळं त्यावरच येऊन अडलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी हवाई दलात फिटर होतो. तिथे विमानाची तपासणी झाली की फिटरने बाजूला उभं राहून अंगठा वर करायचा. तोवर पायलट कितीही मोठ्या हुद्द्याचा असो, विमान जागचं हलवत नसे. युद्ध संपल्यावर मी वसईला परत आलो आणि बस्त्याव शेठच्या गॅरेजात हेड मेकॅनिक म्हणून लागलो. हवाई दलाच्या गोष्टी सांगून सांगून मी तिथे सगळ्यांचे कान किटवले असणार. बाकीच्यांनी त्या एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडल्या. इनासने मात्र ही एक गोष्ट उचलली. त्याची फटफटी दुरुस्त होऊन बाहेर निघाली की तो सीटवर बसायचा, माझ्याकडे बघायचा, आणि अंगठा दिसल्याशिवाय क्लच सोडायचा नाही. सुरुवातीला ती थट्टा होती. मग सवय झाली. पुढे पुढे तो अंगठ्याशिवाय गॅरेजच्या दारातूनही गाडी काढेनासा झाला.

इनास म्हणजे शेठच्या बहिणीचा मुलगा. सांडोरचा. चार भावांत धाकटा. वाडी केळीची आणि भाजीची, चांगली पाण्याची, पण चौघांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला एक कोपरा. थोरले तिघे पहाटेपासून पाटाचं पाणी फिरवायचे आणि हा विहिरीच्या कठड्यावर बसून कार्ब्युरेटर साफ करायचा. लष्कराच्या भंगारातून आलेली पाचशे सीसीची फटफटी त्याने कशीबशी मिळवली होती. हात असा हलका की इंजिनाला दुखतंय कुठे ते त्याला हँडलवरून कळायचं. मी बऱ्याच जणांना गाडी शिकवली. असा हात पुन्हा बघितला नाही.

आणि आता त्याच्या हाताला नोकरी चालून आली होती. मुंबईच्या एका मोटारसायकल कंपनीला रायडर हवा होता. नव्या गाड्या चालवून बघायच्या, शर्यत असली की कंपनीकडून उतरायचं, महिन्याला पगार. शेठची त्या कंपनीशी स्पेअर पार्ट्समुळे ओळख. त्यांनी शब्द टाकला. कंपनीचे साहेब येत्या रविवारी स्वतः भुईगावला येणार होते. त्यांची अट एकच होती. रायडरने आपल्याच गाडीवर ताशी ऐंशी मैलांचा वेग काढून दाखवायचा. त्या काळी वसईत ऐंशीचा आकडा मीटरवर छापलेला असे, रस्त्यावर कुणी बघितलेला नसे.

इनासची गाडी पूर्ण जोरात पळवली तर शहात्तरच्या आसपास थांबायची. मी इंजिन पूर्ण खोलून कॉम्प्रेशन वाढवलं, जेट बदलले, चेन हलकी केली. तरी आकडा शहात्तरच.

शेठ म्हणाले, "जगू, अजून काय तरी कर त्या इंजिनाला."

"शेठ, इंजिनात आता काही उरलं नाही. यापुढे भांडण हवेशी आहे."

"हवेशी? हवेला काय पाना लावनार तू?"

लावायचाच होता. हे जरा समजावून सांगतो. धावत्या लॉरीच्या खिडकीतून तळहात बाहेर काढा. हवा हात मागे ढकलते. लॉरीचा वेग दुप्पट झाला तर हा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून हळू जाताना हवा आहे हे कळतसुद्धा नाही, आणि सत्तरच्या पुढे गेलं की इंजिनाची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच खर्ची पडते. फटफटीवर हवेला सगळ्यात मोठा अडथळा कोण? गाडी नव्हे, वर ताठ बसलेला माणूस. तो टाकीवर आडवा झाला की चार-पाच मैल फुकट मिळतात. इनास आधीच आडवा होत होता. तेव्हा पुढची पायरी म्हणजे माणूस आणि गाडी दोघांना मिळून एक गुळगुळीत आकार देणं. याला स्ट्रीमलायनिंग म्हणतात.

लोकांना वाटतं की वेगासाठी पुढचं टोक भाल्यासारखं हवं. तसं नाही. रावस मासा आठवा. डोकं गोल, जाडी पुढेच, आणि मग शेपटीकडे हळूहळू निमुळता होत गेलेला. पाणी काय, हवा काय, पुढून फाकली तर फारसं बिघडत नाही. मागे ती नीट मिटली पाहिजे. मिटली नाही तर मागे भोवरे होतात आणि गाडीला मागे ओढत राहतात.

विमानाच्या भंगारातला ॲल्युमिनियमचा पत्रा मी जपून ठेवला होता. वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीने ठोकून ठोकून मी त्याचं कवच केलं. पुढचं चाक, हँडल, इंजिन, रायडरचे गुडघे, सगळं त्यात झाकलं. वर बघायला सेल्युलॉइडची लहान खिडकी. शेठने ते बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"हा तर नारलाची करवंटी केली रे!"

तेव्हापासून तिचं नाव करवंटी. पत्रा मात्र पुढच्या भागातच संपला. शेपटी करायची राहिली. मी शेठना सांगितलं की मागचा भाग झाल्याशिवाय हे काम अर्धं आहे. शेठ म्हणाले, आधी अर्ध्याने काय होतं ते बघू. त्यात मला काही चूक दिसली नाही. मलाही बघायचंच होतं.

हवा कशी वाहते ते डोळ्यांना दिसावं म्हणून विमानांवर लोकरीचे धागे चिकटवत. आमच्याकडे लोकर कुठली? इनासच्या आईने गजरे ओवायला ठेवलेले केळीच्या सोपटाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे, सुके धागे दिले. ते करवंटीवर आणि इनासच्या पाठीवर खळीने चिकटवले आणि मी शेठच्या जीपमधून बाजूबाजूने जात बघितलं. करवंटीवरचे सगळे धागे तेल लावून विंचरलेल्या केसांसारखे चापून बसलेले. इनासच्या कमरेजवळचे मात्र वेड्यासारखे गोल फिरत होते. शेपटी नव्हती, म्हणून ते भोवरे. तरीसुद्धा मला आनंद झाला. स्वतः ठोकलेल्या पत्र्यावरून हवा अशी सरळ जाताना बघणं हे सुख फिटरलाच कळेल.

आणि मग तो मंगळवार, जिथून मी सुरुवात केली.

पहाटे निघताना मी इनासला वाऱ्याचं विचारलं. त्याने वाडीतल्या केळीकडे बोट दाखवलं.

"पान तरी हालतय काय, दादा?"

हलत नव्हतं. माझं घरही वाडीवाल्यांचंच. आमच्या लोकांचा वाऱ्याचा मीटर म्हणजे केळीचं पान. ते स्थिर असेल तर वारा नाही, विषय संपला. आता विचार केला की हसू येतं आणि रागही येतो. वाडीच्या चारी बाजूंनी माड आणि सुपारी लावलेल्या असतात त्या वारा आत येऊ नये म्हणूनच. वाऱ्यापासून राखलेल्या जागेत उभं राहून आम्ही वाऱ्याची चौकशी केली.

किनाऱ्यावरही जमिनीकडच्या बाजूला झाडांची दाट रांग होती. तिच्या आडोशाला सगळं शांत. फक्त एका ठिकाणी ती रांग तुटत होती. तिथून ओढा समुद्राला मिळायचा. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा त्या फटीतून नळकांड्यातून यावा तसा बाहेर पडत होता. आम्हाला तो दिसला नाही, कारण आम्ही बघितलंच नाही.

इनास फटीसमोर आला आणि फटफटी आडवी सरकली. झुकली नाही, वळली नाही. कुणी नाक धरून बाजूला ओढावं तशी समुद्राकडे गेली. पुढचं चाक लाटेच्या फेसात शिरलं, पाणी उडालं, गाडीने दोनदा मान झाडली. इनास पडला, असंच मला वाटलं.  पण तो पडला नाही. त्या हलक्या हाताने त्याने तिला परत वाळूवर आणली आणि अंतर मोजायला रोवलेल्या शेवटच्या काठीपर्यंत नेली.

मी धावत पोचलो तेव्हा शेठ घड्याळ माझ्यासमोर नाचवत होते.

"चौऱ्याऐंशी! जगू, चौऱ्याऐंशी!"

इनास हसत होता. कमरेपर्यंत भिजला होता. "बगितला दादा? तुमची करवंटी उडते!"

मी गाडीला हात लावून उभा राहिलो. करवंटीवरचा फेस हाताने पुसत राहिलो. त्या दोघांना वाटलं, कौतुकाने.

झालं काय होतं ते सांगतो. बाणाची पिसं मागे असतात. म्हणून बाजूने वारा आला तरी बाण सरळ जातो. पिसं पुढे लावली तर बाण उलटायला बघेल. आमच्या फटफटीची सगळी पिसं पुढेच होती. करवंटीचा पत्रा पुढच्या चाकाभोवती, मागे काहीच नाही. बाजूचा वारा आला की तो आधी नाक ढकलणार. त्यात जितका वेग जास्त तितकी वाऱ्याची तीच झुळूक गाडीला जड पडते. म्हणजे करवंटीने वेग दिला आणि त्याच हाताने पकड काढून घेतली. शेपटी लावली असती तर हा तोल बराचसा सावरला असता. पण पत्रा मिळवून, ठोकून, तपासून शेपटी तयार करायला पंधरवडा तरी हवा होता. साहेब रविवारी येणार होते.

गॅरेजात आल्यावर मी स्पष्ट सांगितलं. "रविवारी करवंटी नको."

इनासचं हसू गेलं. "मंग ऐंशी कुठून काडू?"

"आडवा पडतोसच, पाय आणि कोपरही आत घे. अठ्ठ्याहत्तरपर्यंत जाशील."

"साहेबाने ऐंशी सांगितलेत."

"साहेबांना पुढच्या महिन्यात बोलाव. शेपटी लावून देतो. मग नव्वद म्हणाले तरी बघू."

शेठनी मान हलवली. "पुडच्या म्हयन्यात तो येनार नाय. त्याच्याकडे पोरांची रांग हाय. मी कसा तरी हा रविवार काडलाय."

इनास माझ्याजवळ येऊन बसला. तो भांडखोर नव्हता. त्याने सगळा विचार केला होता. "दादा, मंगलवारी ओहोटी पहाटे होती. म्हनून मतलई लागला. रविवारी ओहोटी धा वाजता. तवर मतलई पडलेला असल आनि खारा वारा सुटलेला नसल. दोगांच्या मधी वारा नसतो. तुमाना पन ठावं हाय."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. समुद्रकाठच्या कुणालाही हे माहीत असतं. जमिनीचा वारा थांबतो आणि समुद्राचा सुरू होतो, त्याच्या मध्ये थोडा वेळ सगळं गप्प असतं.

"असतं बहुतेक वेळा," मी म्हणालो. "पण खारा वारा विचारून येत नाही. तू मध्यावर असताना सुटला तर?"

"तर सांबालीन. मंगलवारी सांबाल्ली नाय?"

मला राग आला. मंगळवारी जे नशीब होतं ते याने हिशेबात धरलं होतं. मी म्हटलं, "इनास, वादळात केळ उभी का राहते? पान फाटतं म्हणून. वाऱ्याला वाट मिळते. ही करवंटी फाटत नाही. वारा पत्र्याला धरतो तो सोडत नाही."

इनासने करवंटीच्या पत्र्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "केल पन पडते, दादा. पडते म्हनून लावायची सोडतो काय?"

मी हत्यारं पेटीत भरायला लागलो. 

शेवटी शेठ म्हणाले, "मना यातला कलत नाय. जगू, तुजा काय तो शेवटचा शब्द."

इनासच पुढे बोलला. "करवंटी लावूनच किनाऱ्यावर जाऊ. तिथे दादांनी अंगठा दिला तर जाईन. नाय दिला तर उतरवू."

तो असं का म्हणाला? मला वाटतं, त्याला खात्री होती की वेळ आली की मी अंगठा देईन. साहेब समोर उभे, वारा पडलेला, करवंटी मी स्वतः घडवलेली. कुठला माणूस देणार नाही?

रविवारी चर्चमधली लवकरची मिस्सा आटोपून इनासची आई, भाऊ, सांडोरची निम्मी आळी किनाऱ्यावर आली होती. साहेब पांढऱ्या मोटारीतून आले. सभ्य माणूस. करवंटीभोवती फिरून त्यांनी ती बोटांनी वाजवून बघितली आणि "वेरी गुड वर्क" म्हणाले. मी त्याआधीच ओढ्याच्या फटीपाशी एक काठी रोवून तिच्या टोकाला सोपटाचे धागे बांधले होते. आता वाडीत उभं राहून वारा बघणं नाही.

धागे हलत होते. फार नाही. उठायचे, काठीपासून बोटभर दूर व्हायचे, पडायचे. मतलई संपत आला होता, पण संपला नव्हता.

इनासने गाडी सुरू केली. टाकीवर आडवा झाला. मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं.

मी काठीकडे बघितलं. धागे पुन्हा उठले. माझ्या डोळ्यांसमोर मंगळवारचं ते चाक होतं, फेसात शिरलेलं. माझा हात खालीच राहिला.

तो बघत राहिला. शेठ लांबून हात हलवत होते, काय झालं म्हणून. मी मान हलवून नाही म्हटलं. इनासने इंजिन बंद केलं.   तो खाली उतरला आणि त्याने हात पुढे केला.

"पाना द्या."

बोल्ट त्यानेच काढले. मी मदतीला वाकलो तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, दादा." साहेब घड्याळ बघत होते. करवंटी उतरली, वाळूवर उताणी ठेवली. एक लहान मुलगी येऊन तिच्यात बसली आणि तिच्या आईने तिला ओढून नेलं.

तोवर वारा पडला. पूर्ण पडला. धागे काठीला चिकटल्यासारखे लोंबत राहिले.

इनासने उघडी गाडी पळवली. इतकी सुंदर गाडी चालवताना मी कुणाला बघितलं नाही. हनुवटी टाकीला, कोपर गुडघ्यांना, गाडीचाच एक भाग झाल्यासारखा. घड्याळाने सत्त्याहत्तर सांगितलं. दुसऱ्या खेपेला अठ्ठ्याहत्तर.

तो माझ्याजवळ येऊन थांबला. इंजिन चालूच होतं. "दादा, वारा नाय. परत चडवू? एकच खेप."

मी काठीकडे बघितलं. धागे लोंबत होते. पण खारा वारा त्या वेळेला कधीही सुटू शकला असता. तो सुटताना सूचना देत नाही, आणि तो नेमका बाजूनेच येतो, समुद्राकडून सरळ गाडीच्या कुशीवर. या मिनिटाला वारा नाही एवढं धागे सांगत होते. पुढच्या मिनिटाचं ते काही सांगत नव्हते. हवाई दलात मला हेच शिकवलं होतं, की दिसतंय त्यावर सही करायची, आशेवर करायची नाही.

"नको," मी म्हणालो.

त्याने मान खाली घातली. मग गाडी वळवून तिसऱ्यांदा गेला. अठ्ठ्याहत्तर.

साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "वो कव्हर क्यूं निकाला?" मी जमेल तसं समजावलं. ते ऐकत होते, मधेच मान डोलावत होते. "सेफ्टी अच्छी बात है," ते म्हणाले. मग शेठना म्हणाले, "रायडर अच्छा है. मशीन स्लो है." मशीन स्लो नव्हतं. मशीनचं अंग वाळूवर पडलं होतं.  मोटार निघून गेली. पुढे कंपनीने दुसऱ्या कुणाला तरी घेतलं.

लोक पांगले. इनास फटफटी ढकलत ओढ्याच्या फटीपर्यंत गेला. चांगली चालणारी गाडी ढकलत का नेली, कोण जाणे. तिथे काठीपाशी उभा राहिला. धागे हलत नव्हते. त्याने एक धागा बोटाने उचलला आणि सोडला. तो सरळ खाली पडला. मग तो मागे न बघता घरी गेला.

खारा वारा त्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर सुटला. मी किनाऱ्यावरच बसून होतो. मला तो लवकर सुटायला हवा होता. एखादी जोराची झुळूक जरी त्या तासाभरात आली असती, तरी मी जिंकलो असतो. दुसऱ्याच्या पोराचं नुकसान झालेलं असताना आपण बरोबर ठरावं म्हणून वाऱ्याची वाट बघत बसलो होतो, याची मला लाज वाटली.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. मी शेपटीचा पत्रा मिळवला. इनासकडे निरोप पाठवला. तो आला नाही. काही महिन्यांनी त्याने फटफटी विरारच्या एका माणसाला दिली आणि सायकल घेतली. वाडीतला त्याचा कोपरा त्याने चांगला राखला. लग्न झालं, मुलं झाली. सणाला मला बोलावणं येई, मी जाई, पानात सगळं पडे. बोलणं केळीवर, पावसावर, मुलांच्या शाळेवर. त्याने मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, मी भांडलो तरी असतो. वाईट याचं वाटतं की त्याने माझं ऐकलं. गाडी त्याची होती, क्लच त्याच्या हातात होता. ऐकलं नसतं तर मी काय करणार होतो? एका थट्टेच्या अंगठ्यासाठी तो थांबला.

काही वर्षांनी गॅरेजात एक इंग्रजी मासिक हाती लागलं. त्यात बातमी होती. परदेशातल्या शर्यतींत पुढचं चाक पूर्ण झाकणाऱ्या करवंट्यांवर बंदी घातली होती. कारण तेच, बाजूचा वारा. मी ती बातमी उभ्या उभ्या पुन्हा पुन्हा वाचली. पान फाडून खिशात घातलं आणि तसाच सायकलवर टांग मारून सांडोरला निघालो. वाटेत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो.

इनास वाडीत होता. घड लागून वाकलेल्या केळींना बांबूचे टेकू देत होता. मी मासिकाचं पान पुढे केलं आणि त्यात काय लिहिलंय ते सांगितलं. त्याने हात धोतराला पुसले, पान घेतलं, चित्र नीट बघितलं.

"आपल्या करवंटीसारखीच हाय," तो म्हणाला.

"तशीच. आता बंदी आली."

"आता आली?"

"आता."

त्याने पान घडी करून मला परत दिलं. "म्हंजे तवर लोक पलवत होते ना, दादा?"

"पळवत होते."

"सगले मेले काय?"

"नाही," मी म्हणालो. "काही पडले. सगळे नाही."

त्याने मान डोलावली आणि टेकू केळीखाली नीट बसवला. हात लावून बघितलं, हलत नव्हता. मग निघताना वेलची केळ्यांची एक पिकलेली फणी माझ्या सायकलला बांधून दिली.

इतकी वर्षं झाली. तोच रविवार पुन्हा आला तर मी पुन्हा अंगठा देणार नाही, हे मला माहीत आहे. आणि पुन्हा असाच झुरेन, हेही माहीत आहे. आमच्या धंद्यात झालेला अपघात सगळ्यांना दिसतो, त्याची चौकशी होते, त्यातून नियम होतात. टळलेला अपघात कुणाला दिसत नाही. इनासला त्या दिवशी दिसले ते ऐंशीला कमी पडलेले दोन मैल, आणि काठीला लोंबणारे धागे.